काउकोचं इंजिन

— नाही, इंजिन नाही देणार. गाडीचा सांगाडा खुशाल न्या. दारं धड आहेत, मागची काच शाबूत आहे, तळ तेवढा गंजलाय. हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ ओततात, त्याला गाडी तरी काय करणार! पण इंजिन आता माझ्या निळ्या गाडीत बसलंय आणि ते तिथंच राहणार. कॉफी घ्या आधी. कुओपिओहून एवढ्या लांब आलात, वेलचीचा पावही घ्या.

हो, दोन्ही एकाच मॉडेलच्या. ही तपकिरी काउकोची, माझ्या धाकट्या भावाची. तो गेला आणि गाडी माझ्या अंगणात आली. माझ्या निळीची बॉडी ठणठणीत, पण इंजिनाचा ब्लॉक तडकला — उन्हाळ्यात रेडिएटर गळत होता म्हणून नुसतं पाणी भरत गेलो, न गोठायचं औषध घालायचं राहिलं आणि एका रात्रीत थंडी पडली. जन्मभर गाड्या खोलणारा माणूस मी! पण इर्याला, म्हणजे बायकोला, तेव्हाच वृद्धाश्रमात ठेवलं होतं, डोकं ठिकाणावर होतंच कुठं? माणसं ओळखत नाही ती आता. मलाच विचारते, आपण कोण?

मग काय — सौनाच्या न्हाणीघरामागच्या लाकडाच्या खोपटात तुळईला चेनपुली टांगली, माझं मेलेलं इंजिन काढलं, काउकोचं निळीत उतरवलं. एकट्यानं! त्याच्या डिझेल-पंपाला मात्र हात लावला नाही. चालत्याला छेडू नये, हा आमचा धर्म. काउकोचं इंजिन उभ्या गाडीतही रेस दिल्यासारखं चालायचं, मधूनच मिसिंग करायचं — वळणावरूनच गावाला कळायचं, आला बघा.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच ते घेऊन आश्रमात गेलो. अहो, इर्या खिडकीत उभी! केस विंचरलेले, ओठांना लाली. माझ्या गाडीच्या आवाजानं कधी मानसुद्धा वर केली नव्हती हो तिनं. म्हटलं, बरी झाली बाई! गाडी चालूच ठेवून पायऱ्यांवर धावलो. तर हात धरून म्हणते, "किती उशीर केलास, काउको! ये ना, तो नाहीये घरी."

— असे काय बघताय? भाऊ होता माझा. यायचा रविवारी जेवायला, मी कुणाच्या तरी गाडीखाली आडवा असायचो, तर... सोडा. मेलेल्याशी काय भांडायचं? आणि तिच्याशी भांडलो, तर तिला उद्या आठवणार आहे का?

पंपाचा एक स्क्रू फिरवला की आवाज बदलतो. काल स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो होतो. नाही फिरवला. हात धजेना. आवाज बदलला की ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार — म्हणजे मी काउको तरी व्हायचं, नाहीतर कुणीच नाही. तिसरं काही तुम्हाला सुचतं का? मला नाही सुचत.

त्या दिवशी मी हो म्हटलं. "हो इर्या, झाला खरा उशीर." हसली. लग्नाच्या फोटोतही अशी हसलेली नाही हो ती.

काय म्हणता, पैसे वाढवून देता? कॉफी संपली ना? मग उठा. सांगाडा न्या नाहीतर राहू द्या, पण तुमचा ट्रेलर माझ्या वाटेत उभाय, तो काढा. काढा म्हणतो ना! आज रविवार आहे, ती काउकोची वाट बघत असेल.