बाराची घंटा

हॅलो? कुरालाय आपाय? मी मेरुएर्त… ऑफिसातली, हो, तीच. ठेवू नका, पाया पडते तुमच्या…

बौर्साक तळताय? व्याही येणार आहेत?… मग कढई उतरवा जरा. ऐका ना. इथल्या अल्माटीच्या इस्पितळातून सारखे फोन येताहेत. आपल्या प्रोग्रामची इन्सुलिनची घंटा एक तास आधी वाजतेय. घंटा झाली की नर्स सुई टोचतात, आणि जेवण येतं आपल्या वेळेला. सकाळी दोन म्हाताऱ्या भोवळ येऊन पडल्या… हो, शुद्धीवर आहेत, साखर पाजली. पण दुपारची घंटा बाराला होईल, आणि जेवण एकला… आत्ता? पावणेबारा.

नाही, मी नाही लिहिलं. तुम्हाला काढल्यावर सगळं त्या एआयकडेच… विचारलं ना. तीनदा विचारलं. 'सगळं बरोबर आहे' म्हणतो, तेही गोड बोलून… तपासणी? तीही त्यानेच लिहिली, त्यानेच पास केली. चोराच्या हाती किल्ल्या, हो, बोला तुम्ही…

मी वाचलं का?… चार हजार ओळी होत्या, आपाय, एका दुपारी… नाही. नाही वाचलं. डोळे झाकून अंगठा उठवला.

काय? अक्तोबेत?… थांबा. अगं झानार, अक्तोबेच्या इस्पितळात सकाळची घंटा किती वाजता झाली? बघ ना पटकन… वेळेवर. आपाय, तिकडे वेळेवर झाली. म्हणजे फक्त अल्माटीतच…

घड्याळं?… हो, आपली मागे घेतली ना एक तास, सगळ्या देशाची एक वेळ केली तेव्हा; अक्तोबेची होती तशीच राहिली… ओयबाय. त्याने अल्माटीची जुनीच वेळ धरलीय.

मग एकच ओळ. दहा मिनिटांत बदलते… नको? का?… हो, घाईत आणखी काही बिघडेल. खरंय… आधी वॉर्डात फोन. नर्सना सांगायचं, घंटेकडे बघू नका, ताट पुढ्यात आल्याशिवाय सुई नाही. हो, हो… इतकं साधं मला सुचू नये.

आपाय, एक सांगायचंय. कपातीच्या यादीत तुमचं नाव… साहेबांनी नाही घातलं. मी दिलं. दोघींतली एक जाणार होती, आणि मी घाबरले…

माहीत होतं?… पहिल्या दिवसापासून?

मग माझा फोन का उचललात?…

हो… हो, आपाय. रडणं नंतर. आठ मिनिटं राहिलीत. ठेवते, वॉर्डात लावते.