मशीन गरम का होतं?

...नाही नाही, बाकीचं सगळं राहू द्या, तुम्ही मला एवढंच सांगा, मशीन गरम का होतं? सकाळी साडेसात वाजता! बाहेर धुकं असं की स्वतःची गाडी दिसत नव्हती, आणि मी डेलमरच्या शेडमध्ये शिरलो आणि त्या पिवळ्या चेनसॉवर सहज हात ठेवला... सहज कसला, मुद्दामच ठेवला, मी कुणाच्याही शेडमध्ये गेलो की आधी मशीनवर हात ठेवतो आणि मग रामराम करतो... तर गरम! कोमट नाही हो, गरम!

आता तुम्ही म्हणाल, गरम तर गरम, त्यात काय बिघडलं? अहो, तिथंच तर सगळी मेख आहे! थंडगार पडलेली जुनी करवत दोरीच्या चार ओढींत सुरू झाली तर ती खरी. आधीच तापवून ठेवलेली? तापवून ठेवली की कुठलंही भंगार सुरू होतं! अमेरिकेतल्या विलापा नदीच्या ह्या खोऱ्यात जुन्या चेनसॉ जमवणारे आम्ही सात-आठ म्हातारे आहोत, सगळे जन्मभर झाडं पाडून निवृत्त झालेले, आणि ह्या सात-आठांत एकही असा नाही की ज्यानं गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन तापवलं नाही. मी स्वतः तापवलंय! म्हणून तर मला कळतं ना!

आणि डेलमर कॉस्की म्हणजे कोण? चाळीस वर्षांचा माझा जोडीदार. एका फरच्या झाडाच्या बुंध्याला ह्या बाजूनं तो, त्या बाजूनं मी. वीस वर्षं मी ह्या पिवळ्या करवतीसाठी त्याच्या नाकदुऱ्या काढतोय. बासष्ट सालची, ओरिजिनल रंग, ओरिजिनल हँडल, माझ्या बायकोपेक्षा दोन किलोनं हलकी... बरं, तेवढी जड नाही, पण जड आहे. दर वेळी त्याचं एकच, "हार्लन, मेल्यावर घेऊन जा." आणि परवा अचानक फोन! "ये, ने ती करवत. शनिवारी जुन्या करवतींच्या मेळ्यात तूच चालव." मी म्हटलं, "पैसे किती?" तर म्हणतो, "पैसे नकोत." पैसे नकोत? डेलमरला? जो माणूस माझ्या घरची कॉफी पिऊन वर साखर कमी म्हणतो, तो फुकट देणार?

मी निघालो तेव्हाच आर्लीन म्हणाली, आर्लीन म्हणजे आमचं घरचं सरकार, म्हणाली, "मित्र देतोय तर गप घेऊन ये. पोस्टमननं टपाल दिलं तरी तू उजेडात धरून बघतोस." बघतो! बघायलाच पाहिजे!

तर शेडमध्ये डेलमर उभा. दोन्ही हात खिशात. तुम्हाला सांगतो, मी तिथं अर्धा तास होतो, अर्ध्या तासात त्या माणसानं एकदाही हात खिशातून बाहेर काढले नाहीत. मला सांगा, काय होतं खिशात? मी म्हटलं, "सुरू करून दाखव की." तर म्हणतो, "तूच कर, आता तुझीच आहे." म्हणजे स्वतः दोरीला हात लावायचा नाही! आणि दारात त्याची मुलगी जोनेल उभी, बापाकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय. आणि मशीन गरम! आता तीन गोष्टी जुळल्यावर शहाणा माणूस काय समजेल?

मी लटकवून बघितली. आमची ती जुनी रीत आहे. दोरीची मूठ धरायची आणि करवत अधांतरी सोडून द्यायची. सरसर खाली आली तर सिलिंडरमध्ये दम नाही. टेचात लोंबकळत राहिली आणि डुलत डुलत उतरली तर दम आहे. ही तर उतरेचना! लटकूनच राहिली! आनंद व्हायला हवा होता ना? मला घाम फुटला. कारण प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं की मेलेलं मशीनही पाच मिनिटं असंच लटकतं. कसं माहीत? ...ते जाऊ द्या.

घरी आणली. प्लग काढला, बदामी रंग, एकदम निरोगी. सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघितला, एक ओरखडा नाही. रात्री जेवताना आर्लीन म्हणते, "सापडलं का काही?" मी म्हटलं, "काही नाही सापडलं." ती म्हणते, "मग झालं तर." झालं कसं? काहीच सापडत नाही म्हणजे किती सफाईनं लपवलंय बघा!

सकाळी टाकी रिकामी केली. डेलमरनं भरलेलं पेट्रोल दाट, निळं, तेलकट. आता हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला माहीत आहे की जुन्या करवतीला सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागतं. नव्या करवती पन्नासाला एकवर चालतात, जुनीला ते पातळ पेट्रोल म्हणजे विष. मला माहीत आहे! पन्नास वर्षं माहीत आहे! पण संशय डोक्यात शिरला ना, की अक्कल मागच्या दारानं निघून जाते. मी म्हटलं, ह्या तेलाच्या आड लपलाय लबाड. तेल काढून घेतलं की खरा आवाज बाहेर येईल. आर्लीनच्या बागेतल्या नव्या करवतीच्या पातळ पेट्रोलचा डबा तिथंच होता, तोच ओतला. म्हटलं, एकच मिनिट. एका मिनिटात काय होतंय?

आणि काय सांगू, काय चालली हो! तिसऱ्या ओढीला सुरू! हातभर जाडीचं फरचं खोड, लोण्यातून सुरी जावी तशी आत. आवाज चढत गेला, चढत गेला, मी मनात म्हणतोय, च्यायला, खरंच चांगली आहे की काय... आणि खच्च. बंद. दोरी ओढतोय तर दोरी हलेना. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला. बासष्ट सालापासून डेलमरनं जीव लावून जपलेलं मशीन, मी एका मिनिटात मारलं. लबाडी शोधता शोधता, जी नव्हतीच.

गुरुवार होता. शनिवारी मेळा. तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षांत झाडाला भ्यालो नाही, पण त्या दिवशी डेलमरच्या पायऱ्या चढायला भ्यालो. त्याच्या स्वयंपाकघरात बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टाकी, डबा, खच्च, सगळं. आणि तरी बघा माणसाचा स्वभाव, वर विचारतोच आहे, "पण डेलमर, मशीन गरम का होतं?"

त्यानं हात खिशातून काढले. बोटं मेणासारखी पांढरी. आमच्या धंद्यात होतं हे, वर्षानुवर्षं करवतीचे हादरे खाऊन बोटांतलं रक्त पळतं, पण इतकी पांढरी मी कुणाची बघितली नव्हती. कॉफीचा कप त्यानं दोन तळव्यांत धरून उचलला, लहान मूल उचलतं तसा.

"दोरी ओढवत नाही मला," म्हणाला. "मागच्या हिवाळ्यापासून. जोनेलनं सुरू करून दिली त्या दिवशी. म्हटलं, ती तुझ्याकडे जायच्या आधी एकदा घरी ऐकून घ्यावी."

मी म्हटलं, "मग सांगायचं नाही का, गाढवा?"

"तुला?" म्हणाला. "तू माझी बोटं उजेडात धरून बघितली असतीस."

मी म्हटलं, "शनिवारी तू ऐकशील. माझा शब्द." आणि घरी येऊन, माझ्या संग्रहातली सगळ्यात देखणी करवत, काचेच्या कपाटातली, जिला मी पाहुण्यांना बोटही लावू देत नाही, ती उघडली. तिचा पिस्टन पिवळीसाठी काढला. भावकीतलंच मशीन, पण माप केसभर कमी, पिस्टन ढिलाच बसणार. सिलिंडर दोन दिवस घासला. आर्लीन बॅटरी धरून उभी, आणि एक टोमणा नाही, म्हणजे बघा परिस्थिती किती गंभीर होती.

शनिवारी मेळ्यात नवव्या ओढीला सुरू झाली. आणि आवाज? डब्यात खिळे घालून हलवावेत तसा! खड खड खड! त्या गर्दीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल की पिस्टन दुसरा आहे. मी खोड कापलं, घामाघूम झालो, करवत बंद केली आणि बाकाकडे गेलो. डेलमर कॉफीचा कप दोन तळव्यांत धरून डोळे मिटून बसला होता. चाळीस वर्षं ज्याला माझ्या करवतीची साखळी कुठं बोथट झालीय ते दरीच्या पलीकडून ऐकू यायचं, तो माणूस!

म्हणाला, "अगदी तशीच आहे रे. काही फरक नाही."

आयुष्यभर मी सगळ्यांच्या बोलण्यात खोट शोधत आलो. आणि पहिल्यांदाच एक माणूस माझ्या तोंडावर असं धडधडीत खोटं बोलला... आणि मी काय केलं? मान डोलावली, त्याचा कप माझ्या हातांत धरला, आणि म्हटलं, "हो ना रे. तशीच आहे."