हद्दीवरचं मचाण

मारित : तुमचं मचाण कुंपणापासून अकरा पावलं, वेंडेल. मी स्वतः मोजली. आणि बसायची खुर्ची सरळ माझ्या कुरणाकडं तोंड करून.

वेंडेल : झाड माझं, जमीन माझी, मचाण माझं. खुर्चीचं तोंड कुठं करायचं ते आता तू ठरवणार?

लोटी : अरे, शेजारीण दारात आलीय, आधी तिला बसू तर दे. मारित, जाकीट काढ. कॉफी आत्ताच केलीय. केक कालचा आहे, पण सफरचंदं आपल्या झाडाची आहेत.

मारित : कॉफी घेते, लोटी. जाकीट राहू दे, परत बाहेर जायचंय. वेंडेल, मी भांडायला आलेली नाही.

वेंडेल : भांडायला न आलेली माणसं पावलं मोजून येत नाहीत.

मारित : बावीस वर्षं शाळेची बस चालवली मी. अंतर मोजल्याशिवाय मला वळताच येत नाही.

वेंडेल : परवा शनिवार. अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार, आणि तुला नेमकं आज मचाण दिसलं? गेल्या वर्षीपासून आहे ते तिथं.

मारित : गेल्या वर्षीच दिसलं होतं. तेव्हा गप्प बसले. म्हटलं, पन्नास वर्षं शिकार करणारा माणूस, याला मी काय सांगणार? चुकलंच माझं. आज सकाळी त्या गप्प बसण्याचं काय झालं ते हाती लागलं. हे बघा.

लोटी : काय आहे ते? पडलेल्या दाढेसारखं दिसतंय.

मारित : गोळी आहे. चपटी झालेली. धार काढायच्या शेडमध्ये चाऱ्याची पेटी हलवली, तर मागच्या पत्र्याला भोक. करंगळी जाईल एवढं. आणि समोरच्या लाकडी खांबात ही रुतलेली.

लोटी : वेंडेल?

वेंडेल : माझ्याकडं काय बघतेस? गोळीवर माझं नाव कोरलंय का? हंगामात या रस्त्यावर वीस बंदुका असतात.

मारित : नाव नाही. पण मी भोकापासून खांबापर्यंत दोरी ताणली. मग भोकाला डोळा लावला आणि दोरीच्या रेषेत बाहेर पाहिलं. झुडपांच्या बोटभर फटीतून एकच गोष्ट दिसली. तुमच्या मचाणाची हिरवी खुर्ची.

वेंडेल : शक्यच नाही. तुझी शेड तिकडं, जुन्या गोठ्याला लागून.

मारित : होती. दोन वर्षांपूर्वी टेकाडाच्या पायथ्याशी हलवली, तिथं वारा लागत नाही म्हणून. तुम्ही या दोन वर्षांत आमच्याकडं फिरकलाच नाहीत.

वेंडेल : वेळ झाला नसेल.

लोटी : काय तर म्हणे वेळ! दिवसभर खुर्चीत बसून हवामानाच्या बातम्या बघतोस.

मारित : गेल्या वर्षी तिथून किती बार काढलेत?

वेंडेल : एकच. पहिल्याच सकाळी. मोठा नर होता, शिंगांना दहा टोकं. हुकला.

मारित : किती वाजता?

वेंडेल : पावणेसात असतील. नुकतं उजाडलं होतं.

मारित : पावणेसातला मी रोज तिसऱ्या शेळीच्या सडाखाली असते. त्या दिवशीही होते. आत्ता आठवतंय, काहीतरी 'ठण्ण' वाजलं होतं. मला वाटलं, बर्था शेळीनं पत्र्याला लाथ घातली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि शिव्या देत धार पुरी केली.

लोटी : अगं बाई गं.

मारित : भोक माझ्या स्टुलापासून हातभर अंतरावर आहे. स्टुलावर बसल्यावर खांदा येतो ना, त्या उंचीला.

वेंडेल : थांब, थांब. मी काय काल बंदूक हातात घेतलेलं पोर आहे? मागं काय आहे ते बघितल्याशिवाय मी घोडा दाबत नाही. बापानं कान पिळून शिकवलंय. नर झुडपांपुढं उभा होता. झुडपांमागं टेकाड. गोळी गेली तर मातीत जाणार.

मारित : झुडपांमागं टेकाड आहे. आणि झुडपांच्या आणि टेकाडाच्या मध्ये मी आहे.

वेंडेल : मचाणावरून शेड दिसली असती मला.

मारित : मग चला, दाखवा. बंदूक घरी ठेवा, दुर्बीण घ्या. तुम्ही वर चढा, मी माझ्या शेडपाशी जाते. फोन चालू ठेवू. शेड दिसली, तर मी माफी मागेन आणि पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही.

वेंडेल : आणि नाही दिसली तर?

मारित : तर आज अंधार पडायच्या आत मचाण खाली. शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या वॉर्डनचा नंबर माझ्याकडं आहे. भोकाचे, खांबाचे, दोरीचे फोटोही काढलेत. अजून कुणाला पाठवले नाहीत. आधी तुमच्या दारी आले.

वेंडेल : धमकी देतेस?

मारित : नाही. काय करणार आहे ते आधीच सांगून ठेवतेय. वळायच्या आधी दिवा दाखवावा लागतो.

लोटी : ऊठ, वेंडेल. नाहीतर दुर्बीण घेऊन मी चढते.

(अर्ध्या तासानंतर. वेंडेल मचाणावर, लोटी खाली शिडी धरून, मारित कुंपणापलीकडं. वेंडेल आणि मारितच्या हातात फोन, आवाज मोठा ठेवलेला.)

मारित : पोचलात का वर?

वेंडेल : पोचलो.

लोटी : पोचला म्हणे! बारा पायऱ्यांना चार वेळा थांबला. आणि मारित, मचाण झाडाला बांधलेले हे वरचे पट्टे बघ गं कधीतरी. उन्हापावसानं पार कुजलेत.

वेंडेल : पट्टे ठीक आहेत. तू शिडी धर.

मारित : काय दिसतंय ते सांगा. उजवीकडून डावीकडं.

वेंडेल : तुझं कुरण. पाण्याची टाकी. मग ती तांबडी पानं धरून राहिलेली ओकची झुडपं. त्यांच्यामागं टेकाड. वर आभाळ. झालं समाधान?

मारित : मी दिसतेय?

वेंडेल : तू अजून चालतेयस ना?

मारित : नाही, उभी आहे. मघापासून. अंगावर नारिंगी जाकीट आहे, डोक्यावर नारिंगी टोपी. शेडच्या मागच्या पत्र्याला पाठ लावून उभी आहे.

वेंडेल : दुर्बिणीतून बघतो. नाही. पानंच आहेत सगळी.

मारित : पत्रा गंजलाय. त्याचा रंग आणि पानांचा रंग एकच झालाय. आता ऐका. बादली वाजवते.

लोटी : ऐकू आलं! मला इथं खालीसुद्धा ऐकू आलं.

मारित : आवाज कुठून आला, वेंडेल?

वेंडेल : समोरून.

मारित : आता मी जाकीट काढून गवत उचलायच्या काट्याच्या दांड्यावर अडकवतेय. छपराच्या वर धरते. नारिंगी काही दिसलं की सांगा.

लोटी : दिसलं का? वेंडेल?

वेंडेल : दिसलं.

मारित : कुठं आहे?

वेंडेल : झुडपांच्या डोक्यावर. दोन फांद्यांच्या बेचक्यात.

मारित : आणि तो नर कुठं उभा होता?

वेंडेल : तिथंच. अगदी तिथंच, मारित. त्या बेचक्याखाली. मी त्याच्या खांद्यावर नेम धरला होता.

मारित : बरं. जाकीट घालते, थंडी आहे.

वेंडेल : मी दहा टोकं मोजत होतो. दहा टोकं मोजली, आणि मागं काय आहे ते... मी टेकाड धरून चाललो. बघितलं नाही, धरून चाललो.

मारित : आता बघितलंत. खाली उतरा, पुढचं खाली बोलू.

वेंडेल : तू तिकडं असशील असं माझ्या मनातही...

मारित : ठाऊक आहे मला. तसं वाटलं असतं तर मी कॉफी प्यायले नसते. उतरा.

वेंडेल : जरा बसतो. तू घरी जाऊन दूध तापत घाल, लोटी, मी येतो मागून.

लोटी : दूध? दुपारी दोन वाजता दूध? काय झालंय?

वेंडेल : काही नाही झालं.

लोटी : मारित, ऐकतेस ना? त्याचा चेहरा पांढराफटक पडलाय. उजवा पाय उचलतच नाहीये.

मारित : तिथंच बसा, वेंडेल. हलू नका. कुंपण ओलांडून येतेय. लोटी, शिडी सोडू नकोस.

वेंडेल : तुला यायची गरज नाही! मला उतरता येतं!

लोटी : उतरता येतं तर उतर.

वेंडेल : खुबा अडकलाय. अडकतो कधीकधी. थोड्या वेळानं सुटतो.

लोटी : कधीकधी म्हणजे कधीपासून?

वेंडेल : दोन वर्षं झाली असतील.

लोटी : दोन वर्षं! एका छपराखाली राहतो आपण! तरी म्हटलं, चर्चमध्ये उभं राहायच्या वेळी याला नेमका खोकला कसा येतो.

मारित : आले मी. लोटी, तू डावा दांडा धर, मी उजवा. वेंडेल, माझ्याकडं बघा, जमिनीकडं नाही. दोन्ही हात शिडीवर. डावा पाय खाली. तोच. चांगलं. आता उजवा त्याच्या शेजारी आणा, त्याच्यावर भार टाकू नका. थांबा. श्वास घ्या. घाई कुणाला आहे?

वेंडेल : शाळेतल्या पोरांना असंच बोलतेस का?

मारित : पोरं लवकर ऐकतात. डावा पुन्हा. हं. आणखी एक. शेवटच्या पायरीला माझ्या खांद्याचा आधार घ्या. पोचलात.

लोटी : बस त्या ओंडक्यावर. आणि आता खरं सांग. टेकडीपलीकडचं जुनं मचाण सोडून इथं कशाला आलास?

वेंडेल : तिकडं मैलभर चालावं लागतं. चढ आहे. इथं पिकअप झाडापर्यंत येते.

लोटी : मला सांगितलं असतंस तर?

वेंडेल : तू डॉक्टरकडं नेलं असतंस. डॉक्टर म्हणाला असता, शिकार बंद. मग तुझा भाऊ येऊन बंदुकीवर हात फिरवत म्हणाला असता, आता हिचं काय करायचं, वेंडेल? तेव्हा म्हटलं, आणखी एक हंगाम. मग आणखी एक.

मारित : आणि तो एक हंगाम माझ्या खांद्यावरून गेला.

वेंडेल : हो. पत्रा मी बदलून देतो, मारित. पण त्यानं फिटत नाही, हे कळतंय मला. बंदूक मीच उद्या देऊन टाकतो. कुणी काही म्हणायच्या आधी.

मारित : बंदूक द्या असं मी म्हटलं का? मचाण काढा म्हटलं.

वेंडेल : मचाण नाही, पायात बळ नाही. मग बंदूक काय भिंतीवर टांगायला?

मारित : माझी खडीची जुनी खाण ठाऊक आहे ना? उत्तरेच्या टोकाला. तिघा माणसांएवढी उंच मातीची भिंत, आणि तळाशी पाणी. हरणं रोज उतरतात तिथं. चिखलात मावत नाहीत एवढे खुरांचे ठसे असतात. तिथं जमिनीवर बसायचं. पाठीला टेका असलेली खुर्ची, भोवती गवताचे चार भारे. चढायचं नाही काही.

वेंडेल : तुझ्या जमिनीत? मला?

मारित : माझ्या अटींवर. दोन खुंट्या मी ठोकणार. बार त्या दोन खुंट्यांच्या मधे, भिंतीकडं. खुंटीबाहेर वीस टोकांचा नर उभा राहिला तरी बघत बसायचं.

वेंडेल : वीस टोकांचा नर जगात नसतो.

मारित : मग अट सोपीच आहे. दुसरं, बसलात की मला फोन, उठलात की फोन. आणि तिसरं लोटी सांगेल.

लोटी : सोमवारी डॉक्टर. आणि मी आत येणार, बाहेर बसणार नाही. काय म्हणायचं ते माझ्यासमोर म्हणू दे त्याला.

वेंडेल : तुम्ही दोघींनी हे आधीच ठरवलं होतं का?

लोटी : मला तर तुझ्या खुब्याचाच पत्ता नव्हता, ठरवते कसली!

मारित : खाणीचं मीही आत्ताच ठरवलं. तुम्ही शिडीवर असताना. घरून निघाले तेव्हा एवढंच ठरलं होतं, की मचाण आज खाली येणार.

वेंडेल : मारित, एक विचारू? फोटो काढलेस, नंबर होता. सरळ वॉर्डनला का नाही लावलास? मी असतो तर लावला असता.

मारित : त्यानं मचाण काढायला लावलं असतं, आणि तुम्ही मरेपर्यंत म्हणत राहिला असता की मागं टेकाड होतं. मला तुम्ही वर चढून बघायला हवं होतं.

वेंडेल : बघितलं.

मारित : हो. लोटी, पाना आहे का पिकअपमध्ये?

लोटी : पाना आहे, हातोडी आहे, दोर आहे. याच्या पिकअपमध्ये सगळं असतं, फक्त खरं सापडत नाही.

वेंडेल : खालची साखळी मी सोडतो. बसल्या बसल्या येते हाताला.

मारित : सोडा. वरचे पट्टे मी कापते. लोटी, बाजूला हो, खुर्ची इकडंच पडणार.

लोटी : पडू दे. शनिवारी याला खाणीपर्यंत नेणार कोण? मी पिकअप चालवत नाही अंधारात.

मारित : मी येईन. शेळ्यांच्या आधी. पाचला दारात असेन.

वेंडेल : साडेचारलाच तयार असेन मी.

लोटी : आजच सांगते, मारित. तो चारला बूट घालून स्वयंपाकघरात बसलेला असेल.