थर्मन लिंडक्विस्टच्या निरोपाच्या पाच गोळ्या

आजच्या सभेचे अध्यक्ष, निवृत्त शेरीफ मर्ल ओस्टबी साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय ते बिटर फोर्क हँडगन क्लबचे एकवीस वर्षांचे कारभारी, आदरणीय थर्मन लिंडक्विस्ट. त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नी आर्डिस. "मला कशाला वर बसवता" असं म्हणत सगळ्यांच्या आधी वर येऊन बसलेले आपले ट्रकविक्रेते रॉइस हॅगन. सभागृहातले सभासद, त्यांच्या सहनशील बायका, आणि केकच्या टेबलाला खेटून उभे असलेले ते चौघे, ज्यांना मी इथून व्यवस्थित बघू शकते.

मी नोरीन. नव्या लोकांसाठी सांगते. रेंजवर कुणी कधी गोळी झाडायची आणि कुणी गप उभं राहायचं हे मी ठरवते. रेंजच्या मागच्या शेडमध्ये तुम्हा सर्वांची काडतुसं भरते तीही मीच. तुम्ही रिकामी पितळी टरफलं आणून द्यायची, मी त्यात नवी दारू आणि नवं शिसं बसवून परत करायची. सव्वीस वर्षं झाली. भाषण हे काही माझं काम नव्हे. मर्ल म्हणाला, "पाच मिनिटं बोल, चांगलं बोल, आणि कृपा करून खरं बोलू नकोस." पहिल्या दोन गोष्टींचा मी प्रयत्न करते.

थर्मन साहेब येण्याआधी आपला क्लब कसा होता, आठवतं का कुणाला? लहानशी पिस्तुलं घेऊन आपण डबे उडवायचो, कॉफी प्यायचो आणि घरी जायचो. मग एका रविवारी हा माणूस ते पाचशे कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. साडेचार पौंडांचं धूड, अंगठा आत जाईल अशी नळी! पहिली गोळी सुटली तेव्हा शेडच्या छताची धूळ माझ्या कॉफीत पडली. वर्षभरात प्रत्येकाच्या कमरेला तसलंच धूड. कशासाठी? तर म्हणे अस्वलासाठी. मंडळी, मोंटानात अस्वलं आहेत, कबूल. पण एकवीस वर्षांत आपल्यापैकी अस्वल भेटलं किती जणांना? एकट्या रॉइसला. तेव्हा त्याचं रिव्हॉल्व्हर ट्रकच्या खणात होतं आणि रॉइस ट्रकच्या टपावर. अस्वलानं त्याचं सँडविच खाल्लं आणि गेलं बिचारं. रॉइस, मान हलवू नकोस, तूच सांगितलंयस हे मला.

तर थर्मन साहेबांचे उपकार. त्यांनी आपल्याला शिस्त दिली. "ज्याला स्वतःच्या बंदुकीतून पाच गोळ्या सलग झाडता येत नाहीत, त्यानं ती बंदूक मिरवू नये," हा नियम त्यांचाच. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांनी आणखी एक मोठं कार्य केलं. गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का कसा जिरवायचा याचा शोध लावला! कोपर थोडं वाकवा, श्वास अर्धा सोडा, सकाळी ओट्स खा. त्याचं पत्रक काढलं, ते त्या भिंतीवर लावलेलंय. "बघ नोरीन," मला म्हणायचे, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे रिव्हॉल्व्हर मला मांजरीसारखं वाटतं. ही पोरं उगाच मनगटं चोळत बसतात." आणि काय आश्चर्य, ते पत्रक वाचून सगळ्यांचेच धक्के कमी झाले. टाळ्या वाजवा ना. वाजवल्यात? छान.

आता रिवाजाप्रमाणे, जेवणाआधी मावळत्या कारभाऱ्यांनी रेंजवर जाऊन निरोपाच्या पाच गोळ्या झाडायच्या आहेत. रिव्हॉल्व्हर टेबलावर आहे, रिकामं, मी स्वतः तपासलंय. त्याच्या शेजारी लाल फीत बांधलेला एक खोका आहे. रॉइसनं प्रेमानं आणलेली भेट. दुकानातली, कारखान्याची, पूर्ण ताकदीची काडतुसं. दुकानात जी सर्वात जबर होती ती.

दुपारी स्वयंपाकघरात मी रॉइसला बाजूला घेऊन म्हटलं, "हा खोका परत ने. त्याला माझी भरलेली दे." तर म्हणतो कसा, "अगं, शेवटच्या दिवशी थर्मनला घरगुती गोळ्या द्यायच्या? काय म्हणेल तो!" मग थर्मन साहेबांना म्हटलं, आज राहू द्या. ते म्हणाले, "अजून दम आहे माझ्यात." दोघांनाही कारण सांगता येईना, कारण मी शब्द दिला होता. पण अध्यक्ष महाराज, पाच मिनिटांत ते दार उघडेल आणि हा माणूस बाहेर जाईल. म्हणून शब्द मोडते.

थर्मन, सहा वर्षं तू पूर्ण ताकदीची एकही गोळी झाडलेली नाहीस.

बस. खाली बस आधी. ऐक.

तू बर्फावर घसरलास, उजव्या मनगटात धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसले. दोन वर्षांनी आर्डिसला झटका आला, तिची डावी बाजू गेली. त्याच महिन्यात तिनं मला फोन केला. म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, ती पट्टी एकदा निसटली की हात गेला. मी त्याला सांगून थकले. तो तुमच्या क्लबात जायचं थांबणार नाही. तू काहीतरी कर." मी काय करणार? दारू कमी केली. एकदम नाही, दर वसंतात थोडी थोडी. तू म्हणालास, पकड सुधारली. मी हो म्हटलं. तू पत्रक काढलंस. मुद्रितं मीच तपासली.

हसताय काय? मागच्या रांगेतल्यांनी तर मुळीच हसू नये. रॉइस, तूही नको. आर्डिसच्या फोननंतर तीनच आठवड्यांनी शेडमध्ये कोण आलं होतं? "नोरीन, जरा हलकी भर, थर्मनला कळू देऊ नकोस, खांदा दुखतोय." तुझ्या मागून दातांचे डॉक्टर आले. मग ते केकपाशी उभे आहेत ते चौघे, एकेकटे, चार वेगवेगळ्या दिवशी, आणि प्रत्येकजण मागच्या दारानं. थर्मन धरून अडतीस सभासदांपैकी छत्तीस जण हलकीच झाडतात. सदतिसावी मी. वर्षाला दारूचं जे पिंप लागायचं ते आता तीन वर्षं पुरतं, आणि तुम्ही एकमेकांकडे बघून म्हणता, काय दणका आहे! अरे, कसला दणका? पलीकडच्या कुरणातल्या गायीसुद्धा आता मान वर करत नाहीत.

म्हणजे रॉइसला वाटलं, आपणच एकटे लबाड, थर्मन मात्र अस्सल झाडतो. म्हणून त्यानं अस्सल आणलं. त्याचा काय दोष? पण ती गोळी सुटली की ती नळी उलटी कपाळावर येते, आणि ते मनगट उरत नाही. मला भीती वाटते, थर्मन. साहेब-बिहेब राहू दे. तुला सगळ्यांसमोर लाजवताना मला आनंद होतोय असं समजू नकोस. रात्रभर दुसरी वाट शोधली, सापडली नाही.

काय म्हणालास? मोठ्यानं बोल, मागं ऐकू जात नाही. "किती कमी?" असं विचारतोय. निम्म्याहून कमी, थर्मन. या वर्षी तर बरीच कमी.

आता तो आर्डिसकडे वळून विचारतोय, "तू सांगितलंस हिला?" आर्डिसचा आवाज बारीक आहे, तेव्हा तिचं उत्तर मागच्यांसाठी मी सांगते. ती म्हणतेय, "हो, मीच सांगितलं. तुझे दोन आणि माझा एक, तीन हातांवर आपलं घर चाललंय. त्यातला एक तुला या लोकांच्या टाळ्यांसाठी घालवायचाय का?"

मर्ल, पाणी दे इकडे.

थर्मन उभा राहिलाय. त्यानं तो खोका हातात घेतलाय, फीत सोडतोय. विचारतोय, "ज्याला या झाडायच्या असतील त्यानं हात वर करावा." मंडळी, ऐकलंत ना? कुणी? रॉइस? डॉक्टर? आपला सलग पाच गोळ्यांचा नियम आहे, भिंतीवर लिहिलेला. ...मर्ल, तू सभाध्यक्ष आहेस, तू मोज. शून्य? लिहून घे, शून्य. एवढे बूट न्याहाळणारे लोक मी एका खोलीत कधी पाहिले नव्हते.

खोका त्यानं माझ्याकडे सरकवलाय. म्हणतोय, "नोरीन, या फोडून टाक. आणि माझ्या नेहमीच्या आण."

आणते रे बाबा. एप्रनच्या खिशातच आहेत, पाच. सकाळीच भरल्या.

माझं बोलणं संपत आलंय. सभाध्यक्षांनी पाच मिनिटं दिली होती, मी किती घेतली ते विचारू नका. एल्क हरणाचं मटण शिजवणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि छत्तीस माणसांची लाज सहा वर्षं सांभाळणाऱ्या माझ्या शेडच्या कुलपाचे आभार. थर्मनचे आभार कुठल्या तोंडानं मानू ते मला कळत नाही, पण मानते. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर आपलीच म्हणून पोटात घाला. एक सभासद सोडला तर तो सगळ्यांचाच राहिलाय, आणि अजून पूर्ण ताकदीची झाडत असूनही आज हात वर न करणारा तो एक कोण ते मी मेले तरी सांगणार नाही.

आता सर्वांनी बाहेर चला. आर्डिसची खुर्ची पुढं घ्या, तिला नीट दिसलं पाहिजे. कानात बोळे घाला, पिवळ्या रेषेच्या मागं उभे राहा. आणि थर्मनची पहिली गोळी सुटली, की रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं चांगलं दणकून दचकायचं आहे.