सकाळी टाका, संध्याकाळी वाढा

हॅलो?… हां, बोला ताई!… आलो, आत्ताच आलो. ठकूला खालच्या शिंपीणबाईंकडून उचललं आणि दार उघडतोय… नाही नाही, तुम्ही काही आणू नका. डबा तर मुळीच आणू नका. जेवण तयार आहे… मीच केलं! हसताय काय?… अहो, स्लो कुकर. तुमच्या बहिणीचाच तो. सकाळी सगळं आत टाकायचं, बटण दाबायचं, कामावर जायचं. संध्याकाळी झाकण उघडायचं आणि वाढायचं. यात चुकायला आहे काय?… ताई, मी लिफ्टा दुरुस्त करतो. पंधरा-पंधरा मजले माणसं माझ्या भरवशावर लोंबकळत असतात. मला एक भांडं सांभाळता येणार नाही?

हो… हो… आठवतंय ना. चांगलं आठवतंय. ती गेली त्या आठवड्यातच म्हणालात तुम्ही, "थोडे दिवस बघते, पोरीच्या पोटात संध्याकाळी गरम घास जात नसेल तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाते." म्हणून तर म्हटलं, आज या, जेवा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एकदाचा निकाल लावून टाका.

जातो! रोज जातो घास… बिस्किटं? कोण म्हणालं बिस्किटं?… शिंपीणबाई? अहो, शाळेतून आल्यावर मी येईपर्यंत पोरगी त्यांच्याकडे बसते, तेव्हा बिस्किटं त्याच देतात! स्वतःच द्यायची आणि स्वतःच चहाडी करायची…

आज ना? चिकन आहे, गाजर, बटाटा, वाटाणे… चिरलं म्हणजे, मीच चिरलं. पहाटे उठून… हो, गाजराचे तुकडेसुद्धा… हो, एकसारखे…

हॅलो?… बरं बाबा. तिनंच चिरलेलं. फ्रीजरमधली पिशवी आहे… माहीत होतं तर विचारलंत कशाला?… हो, तुम्ही सोलत होतात आणि ती चिरत होती, याच टेबलावर. हॉस्पिटलातून आली की आधी चाकू हातात. मी म्हणायचो, अगं पड जरा. तर म्हणायची, "तुला अंडं उकडता येत नाही, कामावरून येतोस तेव्हा डोळे मिटलेले असतात. मी फ्रीजर भरून जाते, तू फक्त बटण दाब." तेवढंच दाबतोय मी, दुसरं काय करतोय…

उरल्या? नाही… ही शेवटची… मग तुम्हाला काय माझ्या हातचं घालू? आजच्या दिवसासाठीच जपून ठेवली होती.

वास? येतोय ना, खमंग… म्हणजे खमंगच्या जरा पुढे गेलाय. थांबा, स्वयंपाकघरातच आलो. कुकरचा दिवा लागलेला आहे. भांडं तापलंय, हात लावायची सोय नाही. बघा, सगळं कसं… झाकण उचलतो हां…

ताई, आत काही नाही.

काही नाही म्हणजे काही नाही! कोरडं ठण्ण आहे… अहो, टाकलं होतं! पिशवी कापून आख्खा बर्फाचा गोळा टाकला, आवाजसुद्धा झाला… चोर? चोर टीव्ही ठेवून गाजरं नेईल का?… दिवसभर रिकामंच तापलंय हे. तळ बघा कसा… कसे बघाल, तेही खरंच. थांबा, धूर निघतोय, पाणी ओततो. फ्रीजमधली बाटली… का? नको का?

… ऐकलंत?

हो, तेच. आतलं चिनी मातीचं भांडं. उभं तडकलं… आता सांगताय! गार पाणी घालायचं नसतं हे बाटली रिकामी झाल्यावर सांगताय!… अरे, अरे, पाणी खाली चाललंय, आत, तारांवर…

हॅलो? हॅलो?… आहे, आहे मी. दिवे गेले… नाही, बिल्डिंगचे नाही, जिन्यात उजेड दिसतोय. आमचेच… ठके! ठकू, आहेस तिथेच उभी राहा. ओट्याकडे यायचं नाही, इथे सगळं फुटलंय… तुम्हाला नाही ताई, तिला म्हणतोय.

मेन स्विच बघतो. फोनच्याच उजेडात बघतोय, स्पीकरवर टाकलंय तुम्हाला… वर जात नाहीये. थोडा जोर लावला की… … तुटला. खुंटी हातात आली… हसा, हसा. लिफ्टवाला ना मी, हसा.

थांबा हं, ठकू काहीतरी पुटपुटतेय. काय गं? मोठ्यानं बोल… सकाळी तू भांड्याला हात लावलास? खरं सांग, मी रागावणार नाही… बरं, रागावलो तर रागावलो, पण सांग!… ताई, ऐकताय? तिनं काढलं. मी खाली गाडी पुसायला गेलो तेव्हा. गोळा परत पिशवीत घातला आणि पिशवी फ्रीजरमध्ये… अगं पण का?… का, ठके?

… …

ताई, ती म्हणतेय, संपलं असतं.

… हो, आहे मी… नाही, काही नाही. अंधार आहे.

तसंच राहू दे म्हणता, पण राहणार कसं? फ्रीजर बंद पडलाय. सकाळपर्यंत पाणी होईल त्याचं… मी तेच म्हणतोय, गॅसवर साध्या पातेल्यात… ठकू, बाबा शिजवतो हं, मावशी येतेय, तिघं मिळून… नको कसं? वितळलं की टाकून द्यावं लागेल, बाळा. खराब होतं ते… ठकू?… ठके!

ताई, दार उघडं आहे. पिशवी घेऊन पळाली!… खाली. शिंपीणबाईंकडे, त्यांचा फ्रीज चालू आहे ना… धावतोच आहे हो, जिन्यातच आहे!… पिशवीची काळजी करू नका कसं? वरून मी कापलेली, तिला हिनं स्वतःच्या केसांचा रबर लावलाय… ठके, हळू! खालून धर! अगं, खालून धर ती…

… ऐकू आलं ना?… गोळा. रबर सुटला. पायरी पायरीनं गेला खाली. वळणावर फुटला.

नाही, तिला नाही लागलं. बसलीय वेचत… हो, गाजरं… हो ताई, सगळी एकसारखी… ठके, फ्रॉकमध्ये नको भरू. नाही गं, धुऊन नाही होत. इथून सगळ्या बिल्डिंगचे बूट जातात… … असू दे. वेच. हे घे, इकडे पण आहेत दोन.

शिंपीणबाईंची मांजर आली… नाही, हाकलून काय करू? आज या घरात कोणीतरी जेवलं, एवढं म्हणता येईल.

ताई… तुम्ही कुठवर आलात?… बरं. तशाच या आणि तिला घेऊन जा… नाही, टोमणा नाही मारत. तुमचं बरोबर होतं. सोमवार ते शुक्रवार मी घरी येतो तेव्हा माझं अंग मलाच उचलत नाही. आणि बटण दाबायला आता पिशवीही नाही… ठकू, इकडे ये. मावशीकडे जायचंय तुला. तिथे गरम गरम… काय?… नाही म्हणतेय. म्हणतेय, "मग बाबा?"… अगं, बाबा काय लहान आहे का? बाबा काहीतरी करून… ताई, तुम्ही हिचं मनावर घेऊ नका, ही म्हणतेय बाबा सिंकपाशी उभ्यानं पाव खातो आणि मला जेवलो म्हणून सांगतो… ठके, पुरे! सगळ्या बिल्डिंगला ऐकवू नकोस!

नाही हो, मी कसा येणार? तुमच्याकडे जागा ती केवढी, आणि भावोजींना काय वाटेल… त्यांनीच सांगितलंय? कधी?… मग इतके दिवस बोलला का नाहीत?… मी फोन उचलला की नुसती फुशारकी मारतो? मी?… हं… असेल.

पण नको, ताई. तिला न्या. माझं मी बघेन. आधी वर जाऊन तिचं दप्तर आणतो, उद्या शाळा आहे. एक मिनिट, फोन ठेवू नका…

… …

हॅलो, ताई?… हो, आम्ही जिन्यातच आहोत… नाही, आता काही फुटलं नाही… भावोजींना सांगा, दोघांचं जेवण. दार मागे आपोआप लागलंय. किल्ली आत आहे.