मॅच संपेपर्यंत बोटीत

केसर: मला वाटलं, न्यायला आलात.

धर्माजी: न्यायलाच येणार होतो, वहिनी. म्हणजे नेणार आहेच. पण आज नाही. आधी तोंड गोड करा बघू. हा घ्या पेढा. आपला साहिल जिंकला. हॉकीत रायगड राज्यात पहिला. आजवर आपल्या जिल्ह्याला कोण विचारत नव्हतं, आज पोरांनी पुण्यात जाऊन कप उचलला.

केसर: फटाके ऐकले मी. दिघीला वाजले तरी खाडीच्या ह्या बाजूला सगळं ऐकू येतंय. इथं आगरदांड्याच्या धक्क्यावरची कुत्री पन उठून बसली.

धर्माजी: मग खा की पेढा.

केसर: हातात ऱ्हाऊ दे. आज न्हाय म्हंजे काय? दुपारी तुम्हीच म्हनालात, वहिनी, मॅच संपेपर्यंत फेरीबोटीत बसा, संपली की घरी. माझा फोन काढून घेतलात. तुमच्या कोकिळेनं तो तांदळाच्या डब्यात टाकला, मी बघितलं. दिघीवरनं आगरदांडा, आगरदांड्यावरनं दिघी, नुसती येरझार घातली मी. लोक चढले, उतरले, मी आपली बाकावर. आता संपली ना मॅच? मग घरी का न्हाय जायचं?

धर्माजी: शांतपणे ऐकून घ्या. उद्या सकाळी पोरं येतायत. गावच्या मंडळानं सगळं नियोजन केलंय. नाक्यापासून उघडा टेम्पो, बेंजो, गुलाल. मग समाजमंदिरात सत्कार. सरपंच, शाळेचे सर, सगळे येणार.

केसर: बरंय की. मग मला आत्ताच आलं पायजे. दारात सडा कोन घालनार?

धर्माजी: कोकिळा बघेल.

केसर: आनि ओवाळनार कोन त्याला?

धर्माजी: ते पण कोकिळाच. राग नका मानू. सवाष्णीनं ओवाळावं अशी रीत आहे, मी काही पदरचं सांगत नाही. आणि काकी म्हणजे तरी कोण, आईच की.

केसर: मला कुठं ओवाळायचंय. तुमचे भाऊ गेल्यापासनं घरातलं एकेक कार्य मी दाराआडनंच बघते. उद्या पन दाराआडनं बघीन. माझा पोरगा कप घेऊन उंबऱ्यावर येईल तेवढं बघीन, बस.

धर्माजी: दाराआडनं पण नको, वहिनी.

केसर: काय?

धर्माजी: असं आहे. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड आहे. साहिलचं नाव पक्कं धरतायत. अशा वेळी कुठलीच रिस्क घ्यायची नाही, असं मंडळाचं मत पडलं. तुम्ही दोन-चार दिवस मुरुडला सगुणाताईंकडे राहा. बहीण तुमची, परकी थोडीच आहे. मी रिक्षात बसवून देतो.

केसर: मंडळाचं मत पडलं.

धर्माजी: सगळ्यांचंच.

केसर: एकदा तोंडानं बोला ना, भावोजी. पांढऱ्या पायाची. गावातली पोरं पनवती म्हनतात. दोन्ही शब्द ठाऊक हायत मला, लाजू नका.

धर्माजी: मी कधी बोललो असं?

केसर: पैल्यांदा तुम्हीच बोललात. अलिबागला शाळेची मॅच व्हती, साहिल आठवीत व्हता. पाच गोल खाल्ले पोरांनी. येताना एस्टीत तुम्ही सरांना म्हनालात, वहिनी आल्या नसत्या तर बरं झालं असतं. मी पाठच्या शिटावर व्हते. साहिल माझ्या बाजूला व्हता.

धर्माजी: मस्करीत म्हटलं असेल.

केसर: व्हय, मस्करीतच. मग पेणला गेले, तर त्याची पेनल्टी हुकली. मस्करी गावभर झाली. मागच्या साली समाजमंदिरात पडद्यावर बघत व्हते, तर त्याचा पाय मुरगळला. त्या दिवसापासनं कोन हसत न्हाय. मॅच लागली की मला उठवतात. कधी मासळी आनायला मुरुडला धाडतात, कधी गोठ्यात बसवतात, आज बोटीत. तुमचे भाऊ गेले तेव्हा पन लोक कुजबुजले व्हते. ते मी गिळलं. बायकोला बोलतातच. पन आईला बोलतात हे ठाऊक नव्हतं मला.

धर्माजी: वहिनी, मी काही अंधश्रद्धाळू माणूस नाही. पण समोर दिसतं ते नाकारायचं कसं? तुम्ही नसलात की जिंकतात.

केसर: दिवाळीच्या आधी हरले तेव्हा मी गोठ्यात व्हते.

धर्माजी: गोठ्याला खिडकी आहे. टीव्हीचा आवाज जातो तिथं.

केसर: आनि तुम्ही खेळायचात तेव्हा? इतकी वर्षं मिरवलात, एक पेला तरी आनलात घरात? तेव्हा तर माझं लगीन पन झालं नव्हतं. तेव्हा कोनाची नजर लागत व्हती तुम्हाला?

धर्माजी: आमच्या वेळी धड मैदान नव्हतं. स्टिका नव्हत्या.

केसर: साहिलला कुठं व्हत्या? झावळीचा दांडा कोयत्यानं तासून पैली स्टिक मी केली त्याला. खाली बाक पायजे म्हनून माडाखाली उभी ऱ्हाऊन झावळ्या निवडायची. अंगनात पोरगा मारायचा आनि मी चेंडू आनून द्यायची. तेव्हा माझे पाय कुठल्या रंगाचे व्हते?

धर्माजी: आजच्या दिवशी कशाला हे सगळं? आनंदाचा दिवस आहे. गोल कसा झाला तेवढा तरी ऐका. दोन गोल अंगावर. समाजमंदिरात कोणी चहाला हात लावेना. मग पोरं उठली. दोन-दोन झाले. आणि शेवटी शेवटी आपला साहिल. उजवीकडून चेंडू आला आणि यानं असा सणसणीत फटका हाणला की जाळं फाटायचंच बाकी राहिलं.

केसर: फटका नव्हता तो.

धर्माजी: म्हणजे?

केसर: उजवीकडनं आला ते खरं. पन त्यानं मारला न्हाय, थांबला. गोलकीपर आधी आडवा पडला. मग यानं स्टिक उलटी केली नि त्याच्या अंगावरनं अलगद टाकला. आनि टाकल्यावर हात वर न्हाय केले. गुडघ्यावर बसला, जमिनीला हात लावला.

धर्माजी: हे तुम्हाला कोणी सांगितलं?

केसर: कोन सांगनार? मी बघितलं.

धर्माजी: कुठं?

केसर: तुम्ही बसवलंत तिथंच. अल्पेश हाय ना, बोटीवर तिकिटं फाडतो तो. आगरदांड्याचा पोर, तुमच्या मंडळाचं मत त्याला ठाऊक न्हाय. म्हनाला, मावशी, पोराची फायनल आनि तुम्ही इथं कशा? फोन माझ्या हातात दिला नि गेला गाड्या लावून घ्यायला. मी पालथा ठेवला मांडीवर. खोटं न्हाय सांगत, बराच वेळ पालथाच ठेवला व्हता. मग आतनं त्याचं नाव ऐकू आलं. नाव ऐकल्यावर कोन आई बघनार न्हाय, ते मला सांगा.

धर्माजी: वहिनी, नीट आठवा. तुम्ही बघायला लागलात ते आपल्यावर दोन गोल बसायच्या आधी, की नंतर?

केसर: नंतर. मी फोन सुलटा केला तेव्हा दोन बसलेले व्हते, पोरं मधल्या सुट्टीत पानी पीत व्हती. त्याच्या पुढं सगळं बघितलं. तिन्ही गोल आपले, तिन्ही माझ्या डोळ्यांदेखत. आता बोला. कोनाच्या पायानं आला कप?

धर्माजी: असं नसतं ते.

केसर: मग कसं असतं? हरले की माझा पाय आनि जिंकले की तुमचं नियोजन?

धर्माजी: अल्पेशला सांगितलंत ना, कुठं बोलू नको म्हणून?

केसर: का सांगू? मी काय कोनाचं चोरलंय?

धर्माजी: तुम्हाला कळत नाही. गावात हे गेलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बाई बोटीत लपून बघत होती म्हणूनच ते दोन गोल बसले. आधी की नंतर, कोण विचारत बसणार आहे?

केसर: गावाचं ऱ्हाऊ दे. मी साहिलला सांगनार हाय. त्याचा फोन येईलच तुमच्यावर. त्याला सांगितलं की बास. शिकलेला पोरगा हाय, त्याला तुमच्या मंडळाची असली थेरं पटायची न्हाईत. उद्या तोच तुम्हाला म्हनेल, आईला टेम्पोवर चढवा.

धर्माजी: त्याला नका सांगू.

केसर: का?

धर्माजी: नका सांगू म्हणतो ना.

केसर: का पन?

धर्माजी: बोटीत बसवायचं कोणी ठरवलं, असं वाटतं तुम्हाला?

केसर: तुम्ही. तुमच्या मंडळानं.

धर्माजी: मंडळाला एवढं सुचतं का? परवा साहिलचा फोन आला होता. काका, फायनल आहे, आईला टीव्हीपासून लांब ठेव. गोठ्यात नको, आवाज जातो. कुठंतरी पाण्यावर ने.

केसर: खोटं.

धर्माजी: दादाची शपथ घेऊन सांगतो. रडत होता फोनवर.

केसर: पाण्यावर ने म्हनाला?

धर्माजी: वहिनी, बसा इथं जरा. पेढा पडला तुमचा.

केसर: असू दे.

धर्माजी: दुसरा देतो, हा घ्या.

केसर: त्या दिवशी एस्टीत तो माझ्या बाजूला बसला व्हता. खिडकीतनं बाहेर बघत व्हता. मला वाटलं, त्यानं ऐकलं न्हाय. तुम्ही मस्करी केलीत, भावोजी, आनि त्या पोरानं ती जपून ठेवली.

धर्माजी: चुकलं असेल माझं. पण आता बसलंय ते त्याच्या डोक्यात. माझ्यानं निघत नाही.

केसर: माझ्यानं निघेल. म्हनून तर सांगायचं. आई बघत व्हती नि तू जिंकलास, एवढं एकदा कानावर गेलं की सुटला तो. मी पन सुटले. उद्या दाराआडनं न्हाय, चांगली रस्त्यावर उभी ऱ्हाते की न्हाय बघा.

(धर्माजीचा फोन वाजतो. तो स्पीकर लावून फोन केसरपुढे धरतो.)

साहिल: काका, आई आहे का तिथे? दे ना तिला.

केसर: मीच हाय, बाळा.

साहिल: आई, जिंकलो आपण.

केसर: ऐकलं. पल्याड फटाके चालूच हायत अजून. जेवलास का?

साहिल: कुठलं जेवण, सगळे नाचतायत इथे. कप पहिला मला धरायला दिला. आई, तू बोटीतच होतीस ना? पूर्ण वेळ?

केसर: बोटीतच व्हते. साहिल, तुला एक सांगायचंय मला.

साहिल: थांब, आधी माझं ऐक. फर्स्ट हाफमध्ये दोन गोल खाल्ले ना आम्ही, तेव्हा माझे हात गार पडले. स्टिक धरता येईना. डोक्यात एकच, आई बघतेय. कुठूनतरी बघतेय. कोचना सांगितलं, सर, मला बाहेर काढा. मग त्यांच्याच फोनवरून काकाला लावला. काका, सांगितलंस का तिला?

धर्माजी: नाही सांगितलं.

साहिल: काका म्हणाला, आई भर खाडीत आहे, तिचा फोन पण घरी डब्यात आहे. शप्पथ सांगतो आई, अंगावरून गोणी उतरवावी तसं वाटलं. सेकंड हाफला नुसता मोकळा खेळलो. एकदा पण तुझा विचार आला नाही मनात.

केसर: एकदा पन न्हाय?

साहिल: एकदा पण नाही. म्हणून तर गोल झाला. आता सिलेक्शनच्या मॅचेस आहेत, तेव्हा पण असंच करायचं. मला माहितीये हे वेड्यासारखं आहे. कोच पण ओरडतात. पण मला नाही जमत, आई. एकदा टीममध्ये आलो ना, की बघ, तुझ्यासाठी सगळं करीन. रागावलीस का?

केसर: न्हाय.

साहिल: तू काहीतरी सांगणार होतीस.

धर्माजी: वहिनी.

केसर: हेच सांगनार व्हते की उद्या मी मुरुडला हाय. सगुणामावशीचे गुडघे धरलेत, तिला घरात उठवत न्हाय. मिरवनुकीत माझी वाट बघू नको.

साहिल: बरं झालं. म्हणजे, ठीक आहे. मी येतो परवा तिकडे. काकी ओवाळेल ना?

केसर: ओवाळेल. कोकिळा चांगली ओवाळते.

साहिल: आई, खरं सांग. थोडीसुद्धा नाही ना बघितलीस?

केसर: न्हाय रे बाळा. भर खाडीत मला कोन दाखवनार? तूच सांग आता, कसा मारलास गोल.