उद्घाटनाच्या बिलावर छापून आलेले दागिने

पोलीस ठाणे, अकोला. अर्जदार योगेश गणोरकर यांच्या तक्रार अर्जाच्या चौकशीत घेतलेला जबाब.

नाव वर्षाली योगेश गणोरकर, वय ३७ वर्षे, धंदा साडी दुकानात मालाची नोंद व बारकोड करणे (सध्या बंद), राहणार नवी वस्ती बडनेरा, हल्ली मुक्काम वडील भगवंत चर्जन यांचे घरी, वलगाव, जि. अमरावती.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले त्याप्रमाणे सांगते की, अर्जदार योगेश हा माझा नवरा आहे. आमचा घटस्फोट झालेला नाही. जबाबात त्याचा उल्लेख मी एकेरी करणार आहे, तो तसाच लिहावा.

आमचे बडनेऱ्याला साडीचे दुकान आहे. लग्नात मला आईने पाटल्या व गळ्यातली एकदाणी दिली, वडिलांनी गोफ व चांदीच्या तोरड्या दिल्या. आजीने तिच्या कानातले झुबे काढून माझ्या कानात घातले. दुकान टाकताना पहिल्या मालासाठी पाटल्या मोडल्या. संगणक, बिलाचे मशीन व बारकोडचा प्रिंटर आणण्यासाठी गोफ मोडला. पुढे दुकान वाढवताना एकदाणी व तोरड्या गेल्या. प्रत्येक वेळी सराफाकडे मीच सोबत होते. झुबे मोडले नाहीत. ते बडनेऱ्याच्या घरी कपाटात होते.

दुकानात बारकोडचे काम सुरुवातीपासून मी करत होते. ते काम असे की, आलेल्या प्रत्येक साडीला एक नंबर द्यायचा, तो नंबर काळ्या पट्ट्यांच्या रूपात स्टिकरवर छापायचा आणि स्टिकर साडीला लावायचे. पट्ट्यांमध्ये फक्त नंबर असतो. त्या नंबराची साडी कोणती, तिची किंमत काय, किती शिल्लक, हे संगणकात भरलेले असते. मशीन नंबर वाचते, नाव संगणक सांगतो व तेच बिलावर छापून येते.

मागच्या वर्षी दुकानात आकांक्षा नावाची मुलगी विक्रीच्या कामाला ठेवली. दिवाळीनंतर योगेशने मला वलगावला आणून सोडले. मला वाटले, वडिलांची तब्येत बरी नव्हती म्हणून आणले. अंगावरचे कपडे व एक पिशवी एवढेच माझ्यासोबत होते. परत नेण्याबद्दल मी फोन केला तेव्हा सासू माणिकबाई फोनवर म्हणाल्या, "आता तिथंच राय. इथं तुयी जागा भरली."

पोटगी व दागिने मागायला मी फॅमिली कोर्टात गेले. तिथे योगेशने लेखी उत्तर दिले की, पत्नीने लग्नात माहेरून एक मणीसुद्धा आणलेला नाही. ते उत्तर माझ्या वकिलांनी मला कोर्टाच्या व्हरांड्यात वाचून दाखवले. योगेश समोरच्या बाकावर बसून चहा पीत होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो कपातला चहा फुंकून पीत राहिला.

यंदा योगेशने अकोल्याला दुसरे दुकान घेतले. अक्षय तृतीयेला उद्घाटन ठरले. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. फोनवर तो म्हणाला, "नव्या दुकानाचे बारकोड कोणालेच जमून नाही राहिले. एका पोट्टीनं केले तं शालूची किंमत रुमालाले लागली. तुलेच येते ते. माल वलगावले पाठवतो, तू लावून दे." कशी आहेस, हे त्याने विचारले नाही. मी हो म्हटले.

माल व बारकोडचा प्रिंटर टेम्पोने आला. वडिलांच्या मळ्यात फुले बांधायची शेड आहे, तिथे साड्या उतरवल्या. मी स्टिकर छापून लावत होते. वडील शेवंतीच्या पाट्या बाजूला सरकवत म्हणाले, "काहून करून राहिली व त्याचं काम? तुले लाज नाही का?" मी त्यांना म्हटले, "करू द्या बाबा. असं काम त्याले पुन्हा कोणी करून देणार नाही." त्यावर ते मळ्यात निघून गेले.

सर्व स्टिकर नीट लावले. माल अकोल्याला गेल्यावर योगेशने मशीनवर तपासला. सगळे बरोबर निघाले. दोन्ही दुकानांची नोंद इंटरनेटवर एकाच खात्यात होते व ते वलगावच्या घरच्या लॅपटॉपवरही उघडते. पासवर्ड आमच्या लग्नाची तारीख होता. त्याने तो बदलला नव्हता. ती तारीख त्याच्या लक्षात नसावी.

उद्घाटनाच्या सकाळी मी वलगावला घरी बसून अकोल्याच्या मालाची नावे बदलली. किमती बदलल्या नाहीत, शिल्लक बदलली नाही, एकही नोंद पुसली नाही. शालूंच्या जागी पाटल्या लिहिल्या. पैठणीच्या जागी गोफ, काठपदरच्या जागी एकदाणी, सुती साड्यांच्या जागी तोरड्या. भारी रेशमी साड्यांच्या जागी झुबे लिहिले. त्यानंतर मी केस विंचरले, चांगले पातळ नेसले आणि बसने अकोल्याला आले.

दुकानात पाहुणे व गिऱ्हाईक मिळून मोठी गर्दी होती. मला कोणी बोलावले नव्हते, कोणी अडवलेही नाही. गल्ल्यावर आकांक्षा बसली होती. तिच्या कानात माझ्या आजीचे झुबे होते. ते तिने घातले असतील हे मला घरून निघताना माहीत नव्हते. मी दाराजवळच्या खांबाला टेकून उभी राहिले.

बोहनी योगेशचे मामा नत्थुजी यांच्या हातून करायची होती. घरातला प्रत्येक जण त्यांना मान देतो. त्यांनी मामीसाठी शालू व सुनेसाठी रेशमी साडी घेतली. आकांक्षाने स्टिकरवर मशीन फिरवले आणि सवयीने मोठ्याने वाचले, "वर्षालीच्या आईच्या पाटल्या, एक नग." वाचून झाल्यावर ती थांबली. तिने दुसरी साडी घेतली. त्यावर काय आले ते तिने वाचले नाही.

बिल छापून बाहेर आले. नत्थुजींनी ते फाडून घेतले, चष्मा लावला आणि म्हणाले, "हे काय लिवलं रे योगेश? वर्षालीच्या आजीचे झुबे, बडनेऱ्याच्या कपाटातले?" सगळे आधी स्क्रीनकडे व मग आकांक्षाच्या कानांकडे पाहू लागले. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले.

योगेश धावत आला. त्याने तिच्या हातून मशीन घेऊन समोरच्या पैठणीवर फिरवले. गोफ आला. त्याने दुसरी घेतली. एकदाणी आली. तो एकामागून एक साड्यांवर मशीन फिरवत होता आणि स्क्रीनवर माझे दागिने येत होते. त्याला कोणीतरी बंद कर म्हटले तरी तो फिरवत राहिला. शेवटी नत्थुजींनीच मागून वायर काढली. ते म्हणाले, "कोर्टात तं तू म्हणे, पोरीनं काहीच नाही आणलं. आमाले पण तेच सांगतलं." योगेश म्हणाला, "मामा, मशीन बिघडली." नत्थुजी म्हणाले, "मशीन नाही बिघडली." त्यांनी दोन्ही साड्या गल्ल्यावर ठेवल्या व ते बाहेर पडले. त्यांच्यामागे पाहुणेही गेले. सासूबाई गादीवर बसून राहिल्या. मी त्यांना पाणी दिले नाही.

अर्जात माझ्यावर झुबे चोरल्याचा आळ आहे. त्याबाबत सांगते की, आकांक्षाने झुबे स्वतः कानातून काढून गल्ल्यावर ठेवले. ती मला म्हणाली, "मले यानं त्याच्या मायचे म्हणून देल्ले." मी झुबे रुमालाने पुसले व पर्समध्ये ठेवले. ते आज माझ्या कानात आहेत, हवालदार मॅडमनी पाहिले आहेत. तिला या गोष्टी ठाऊक नव्हत्या हे मला पटले. तरीही तिच्याबद्दल मला वाईट वाटले नाही.

बिलावर दागिन्यांचीच नावे येत असल्याने त्या दिवसापासून अकोल्याचे दुकान बंद आहे. ऐन लग्नसराई आहे. योगेशचा मला फोन आला, "वर्षाली, नावं परत कर. तुया पाया पडतो." मी म्हटले, "कोर्टात लिहून द्या, दागिने होते म्हणून. मंग पाहू." त्याने लिहून दिले नाही, ठाण्यात अर्ज दिला. नावे पूर्ववत करण्याचे काम मला येते. ते मी अद्याप केलेले नाही.

हा जबाब महिला हवालदार प्रियदर्शनी वानखडे यांनी लिहून मला मराठीत वाचून दाखवला. त्यात 'माझ्याकडून चुकून नावे बदलली गेली' असे एक वाक्य होते. असे मी बोलले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या ताई, तुमच्याच कामी येईल." मी ते वाक्य खोडायला लावले आणि खोडलेल्या जागेशेजारी सही केली. नावे मी जाणूनबुजून बदलली, असे तिथे लिहून घेतले आहे. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच उतरला असून तो खरा आहे.

सही: वर्षाली. समक्ष: महिला हवालदार प्रियदर्शनी वानखडे